‘बघू या’ची किंमत

वणवा जवळ आला असता घर सोडून निघावे, की घरात थांबून ते वाचवावे, हा प्रश्न ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील रानालगतच्या कुटुंबांपुढे दर उन्हाळ्यात उभा राहतो. वरकरणी तो धैर्याचा प्रश्न भासतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्यत्वे हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम बहुधा वहीत मांडलीच जात नाही.

तेथील सरकारचे जुने धोरण मोठे सुटसुटीत होते : तयारी करा आणि घर लढवा, नाहीतर वेळीच बाहेर पडा. या धोरणामागे अनुभव होता. 16 फेब्रुवारी 1983 रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून 75 माणसे वणव्यात दगावली. त्यांपैकी पुष्कळजण अखेरच्या क्षणी पळ काढताना उघड्यावर किंवा मोटारीत सापडले होते, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. उलट, ज्या घरांत धडधाकट माणसे थांबली, ती घरे तगण्याचे प्रमाण अधिक होते. याचे कारण असे की, घर पुष्कळदा ज्वाळांच्या लोंढ्याने पेटत नाही. वाऱ्याबरोबर उडत आलेले निखारे पन्हळीतल्या पालापाचोळ्यात वा छपराच्या फटीत पडतात आणि तेथून आग धरते. ज्वाळांची मुख्य फळी काही मिनिटांत पुढे सरकते. तेवढा वेळ आत राहून मग बाहेर येऊन निखारे विझविता आले, तर घर वाचते आणि घर माणसाला वाचविते.

7 फेब्रुवारी 2009 रोजी हा हिशेब कोसळला. त्या शनिवारी मेलबर्नचे तापमान 46.4 अंश सेल्सियसपर्यंत चढले. किलमोर ईस्ट येथे दुपारपूर्वी विजेची तार तुटून जो वणवा पेटला, त्या एकानेच 119 बळी घेतले. सायंकाळी वारा फिरला. उत्तरेकडच्या वाऱ्याने जी आग लांब, अरुंद पट्ट्यासारखी धावत होती, तिची संपूर्ण बाजू वारा नैर्ऋत्येकडून येऊ लागताच आघाडी बनली. राज्यात एकूण 173 माणसे मेली आणि त्यांतील 113 जण घरांतच मेले. म्हणजे 1983 चा धडा जसाच्या तसा गिरविणे पुरेसे नव्हते. सामान्य वणव्यात तगणारे घर असल्या वणव्यात तगत नाही.

परंतु नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे आलेल्या पुराव्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. धोरणात मार्ग दोन होते. लोकांनी मोठ्या प्रमाणावर तिसरा पत्करला. तो म्हणजे ‘बघू या’. धूर दिसेल, रेडिओवर गावाचे नाव येईल, शेजारी निघतील, मग ठरवू. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या वृत्तीला मूर्खपणा म्हणणार नाही. निर्णय लांबणीवर टाकून अधिक माहिती मिळविणे हे बाजारात शहाणपणाचेच ठरते. मात्र तेथे थांबण्याने पर्याय शिल्लक राहतात, आणि वणव्यात थांबण्यानेच ते नाहीसे होतात. माहिती पुरी हाती येते, तेव्हा रस्ता धुराने भरलेला असतो.

मग सक्तीने का हलवू नये? व्हिक्टोरियाच्या कायद्यानुसार ज्याचा मालमत्तेत हितसंबंध आहे, अशा माणसाला तेथून बळाने काढता येत नाही. कॅलिफोर्नियात स्थलांतराचे हुकूम निघतात. तरीही 8 नोव्हेंबर 2018 रोजी पॅराडाइझ गावाकडे आलेल्या वणव्यात 85 माणसे मेली. थोडे रस्ते आणि सारे गाव एकाच वेळी निघालेले, अशी तेथील कोंडी होती. उशिरा निघालेला हुकूम हाही ‘बघू या’चाच सरकारी अवतार होय.

माझा एक जुना विद्यार्थी मेलबर्नच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात स्थायिक झाला आहे. अत्यंत धोक्याचा दिवस जाहीर झाला की, आदल्या सायंकाळीच मुलाबाळांसह शहरातील आप्तांकडे जायचे, असा त्याचा नेम. अग्निशमन दलाचा सल्लाही तोच असतो. तीनदा तो असा गेला. तिन्ही वेळा काहीच घडले नाही. रजा खर्ची पडली, आप्तांना तोशीस झाली, शेजारी हसले. चौथ्या वेळी पत्नीने विचारले, ‘पुन्हा?’ त्याच्याजवळ उत्तर नव्हते, असे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे.

खरी अडचण येथे आहे. लवकर निघण्याचा खर्च लहान, पण निश्चित असतो व वारंवार पडतो. न निघण्याचा खर्च क्वचित पडतो, पण मग तो सर्वस्वाचा असतो. पहिला रोज डोळ्यांपुढे असतो, दुसरा कल्पनेत. केवळ उपदेशाने हे पारडे फिरणार नाही. लवकर निघणेच स्वस्त केले पाहिजे. सर्वोच्च धोक्याच्या दिवशी व्हिक्टोरियात जोखमीच्या भागांतील शाळा बंद ठेवतात, हे योग्यच आहे. मूल घरी असले की बापाचा निर्णयही सोपा होतो. त्याच न्यायाने त्या भागातील कारकुनाला व मजुराला त्या दिवसाची भरपगारी रजा मिळावी, जनावरांसाठी आदल्या दिवशीच जागा उघडावी, आणि ज्याच्याजवळ मोटार वा आप्त नाहीत, त्याला निघण्याचे साधन व रात्रीचा निवारा सरकारने द्यावा. वणवा आला नाही, तर हा पैसा वाया गेला, अशी ओरड होईल. विम्याचा हप्ता भरणारा माणूस वर्षाखेरीस घर जळले नाही म्हणून तशी ओरड करीत नाही.