काका बॅप्टिस्टांचा वारसा कोणाकडे?

कामगार संघटनांचे दिवस संपले, असे म्हणण्याची अलीकडे रीतच पडली आहे. मुंबईच्या गिरण्या संघटनांनीच बुडविल्या, असा निवाडाही बसल्या जागी दिला जातो. आम्हांला तो मान्य नाही. परंतु संघटनांच्या पुढाऱ्यांना निर्दोष ठरविण्याचीही आमची तयारी नाही. संघटना कालबाह्य झालेली नाही. पुढाऱ्यांनी तिची वाटणी केली आहे.

31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आजची आयटक, जन्मास आली. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते माझगावच्या माथारपाखाडीचे जोसेफ बॅप्टिस्टा. लोकमान्यांचे हे सहकारी 1916 साली होमरूल लीगचेही अध्यक्ष झाले होते. आपल्या समाजाला आपल्या या ‘काकां’चा अभिमान आहे, मात्र त्यांनी नेमके काय उभारले, याचे स्मरण आपण क्वचितच ठेवतो. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या परिषदेला ना. म. जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, ते सरकारने नेमले म्हणून. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनीच निवडावा, ही साधी मागणी या महासंघाच्या मुळाशी होती.

पुढील इतिहास हा त्याच मागणीच्या विस्मरणाचा इतिहास आहे. 1929 साली नागपूर अधिवेशनात पहिली फूट पडली. 1940 पर्यंत फाटलेले कसेबसे सांधले गेले. 1947 साली काँग्रेसजनांनी इंटक स्थापन केली, 1948 साली समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा. 1955 साली भारतीय मजदूर संघ वेगळ्या विचाराने उभा राहिला. कम्युनिस्ट पक्ष दुभंगला, तेव्हा 1970 साली आयटकमधून सीटू निघाली. यांतील किती फुटी मजुरीच्या प्रश्नावर पडल्या? आमच्या मते एकही नाही. भांडणे पक्षांची होती. भिंती मात्र कामगारांच्या घरात उभ्या राहिल्या.

याचे मोल गिरणगावाने मोजले. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये मान्यता होती ती इंटकशी संलग्न राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार मात्र डॉ. दत्ता सामंतांमागे गेले. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर उतरले. ज्याच्याशी बोलणी करण्यास कायदा बांधील होता, त्याला कामगार मानीत नव्हते. ज्याला ते मानीत होते, त्याला कायदा ओळखत नव्हता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. सामंतांचा हट्ट आम्ही नाकारीत नाही. पण मालकांनी यंत्रसामग्रीत पैसा घातला नाही आणि पुढे जमिनीच्या भावाकडे डोळे लावले, त्याचा दोष संपाच्या माथी का मारावा?

आज तोच प्रश्न नव्या वेषात आला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कामगार कमी करण्यास वा कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस सर्वत्र आवश्यक झाली. हजेरीपटावरील 51 टक्के कामगार ज्या संघटनेचे, तीच वाटाघाटीची एकमेव अधिकारी. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. परंतु हजेरीपटावर असतो कोण? वसई-पालघरच्या कारखान्यांतील कितीतरी तरुण आम्हांला भेटतात. नेमणुकीचा कागद त्यांच्यापाशी नसतो. राबतात मालकाच्या यंत्रावर. नाव असते कंत्राटदाराच्या वहीत, तेही असलेच तर. असा मनुष्य कोणत्या 51 टक्क्यांत मोजायचा?

9 जुलै 2025 रोजी दहा केंद्रीय संघटनांनी मिळून देशव्यापी संप केला. भारतीय मजदूर संघ दूर राहिला. एक दिवसाचा संप हा निषेध होय, संघटन नव्हे. अंगणवाडी सेविकांमध्ये आणि आशा कार्यकर्त्यांमध्ये संघटनांनी चिकाटीने काम केले आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. महासंघाची खरी भूमिका आता हीच आहे. कायम कामगाराच्या पगारवाढीचा करार करणे पुरेसे नाही. ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्याचे नाव आधी लिहून घ्यावे लागेल.

म्हणून पुढाऱ्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. निवडणुकीत आपापले झेंडे खुशाल मिरवा. कारखान्याच्या दारात मात्र एकच झेंडा न्या. कंत्राटी मजुराला सभासद करून घ्या, आणि पुढारी निवडण्याचा हक्क त्याला द्या. हे जमत नसेल, तर 31 ऑक्टोबरला काकांच्या तसबिरीला हार घालण्याचा अधिकार तुम्हांला उरत नाही. आणि त्यांच्या नावाचा अभिमान मिरवीत, आपल्या गाळ्यात बिनकागदाचे मजूर राबविणाऱ्या आपल्या समाजबांधवांनाही तो उरत नाही.