विकलेला माल परत घेताना

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पुष्कळ दुकानांत टांगलेली आढळते. गिऱ्हाईक ती वाचते, पैसे मोजते आणि वस्तू घेऊन घरी जाते. दुकानदाराच्या दृष्टीने व्यवहार तेथेच संपतो. पण व्यवहार संपला म्हणजे जबाबदारीही संपली काय? विकलेल्या वस्तूत विष आहे असे उद्या उघडकीस आले, तर त्या पाटीकडे बोट दाखवून कारखानदाराला मोकळे होता येईल काय? येणार नाही, आणि येऊही नये. अशा वेळी आपला माल आपण होऊन परत मागवणे आणि त्यातील शेवटची वस्तू हाती येईपर्यंत स्वस्थ न बसणे, हेच त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य सर्वांत अधिक कोठे जाणवत असेल, तर ते लहान मुलांच्या वस्तूंच्या बाबतीत. मूल जगाची ओळख हातांनी करून घेते आणि तोंडाने ती पक्की करते. हाती आलेला खुळखुळा, गाडी किंवा बाहुली ते प्रथम चाटून पाहते, मग चावून पाहते. खेळण्याच्या रंगात शिसे असेल, तर रंगाच्या कपच्यांबरोबर ते मुलाच्या पोटात जाते. शिशाच्या संयुगांमुळे रंग तजेलदार दिसतो, लवकर वाळतो आणि पुष्कळ दिवस टिकतो. म्हणून रंगाच्या धंद्यात त्यांचा वापर दीर्घकाळ होत आला. परंतु शरीराला शिशाचा काडीचाही उपयोग नाही. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या मानाने मुलाचे शरीर चार-पाच पट अधिक शोषून घेते. ते हाडांत व दातांत साठते, वाढत्या मेंदूला इजा करते आणि बुद्धीची चपळाई कमी करते. मुलांना निर्धोक असे शिशाचे कोणतेही प्रमाण आजवर आढळलेले नाही. या विषाने मूल लगेच रडत नाही, की तापाने फणफणत नाही. आई खेळणे निवडते ते रंग पाहून, आणि धोका त्या रंगातच दडलेला असतो.

२००७ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील मॅटेल या जगप्रसिद्ध खेळणी-कंपनीवर असाच प्रसंग आला. चीनमध्ये तयार झालेल्या तिच्या काही खेळण्यांच्या रंगात मर्यादेपेक्षा अधिक शिसे आढळले आणि जगभरातून सुमारे १५ लाख खेळणी परत मागवण्यात आली. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच आणखी सुमारे १ कोटी ८० लाख खेळणी परत मागवण्याची पाळी आली. या दुसऱ्या खेपेतील खेळण्यांत बसवलेले छोटे लोहचुंबक सुटून बाहेर येत. मुलाने असे दोन चुंबक गिळले, तर ते पोटात एकमेकांना ओढतात आणि मध्ये सापडलेल्या आतड्याला भोक पडू शकते. प्रथम सारा दोष चीनमधील कारखान्यांच्या माथी मारला गेला. पण सप्टेंबर महिन्यात कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने बीजिंग येथे कबूल केले, की परत मागवलेल्या बहुसंख्य खेळण्यांतील दोष आराखड्यातला, म्हणजे कंपनीचा स्वतःचा होता. चूक झाली की बोट प्रथम दूरच्या माणसाकडे वळते; स्वतःकडे ते वळायला वेळ लागतो. पुढल्याच वर्षी, २००८ साली, अमेरिकेने कायदा कडक केला. रंगातील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० भागांवरून ९० भागांवर आणण्यात आली आणि मुलांच्या वस्तूंवर त्यांचा माग काढता येईल अशी खूण असणे सक्तीचे झाले.

माग काढण्याची ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. माल परत मागवल्याची घोषणा होणे आणि तो माल प्रत्यक्ष परत येणे, यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडण्यासाठी काय करावे लागते, याचे उदाहरण त्याच देशात सत्तर वर्षे आधी घडून गेले होते. १९३७ साली टेनेसी राज्यातील एका कंपनीने सल्फानिलमाइड या गुणकारी औषधाचे पातळ, गोड रूप बाजारात आणले. मुलांना गोळी गिळणे जड जाते, हा त्यामागचा विचार. औषध विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हे द्रव्य वापरले गेले. औषधाची चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते द्रव्य विषारी आहे की नाही, एवढेच पाहिले नाही. तशी परीक्षा करण्याची सक्ती त्या वेळच्या कायद्यात नव्हती. त्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत अनेक मुले होती.

कंपनीने औषध परत पाठवण्याविषयी तारा केल्या खऱ्या, पण त्यांत धोक्याचा उल्लेख नव्हता. सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने आग्रह धरला, तेव्हा कोठे औषध जीवघेणे असल्याचे सांगणाऱ्या दुसऱ्या तारा गेल्या. प्रशासनाचे जवळजवळ सर्व २३९ निरीक्षक व रसायनज्ञ देशभर फिरले. त्यांनी दुकानांच्या वह्या आणि विक्रीच्या पावत्या तपासल्या, आणि औषध घेणाऱ्यांची दारे ठोठावली. तीन वर्षांच्या एका मुलाला हे औषध लिहून दिले गेले होते आणि त्याचे कुटुंब डोंगराळ मुलखात राहावयास गेले होते. त्या मुलाच्या शोधाला मदत करण्यासाठी एका डॉक्टराने स्वतःचा विवाह पुढे ढकलला. तयार झालेल्या २४० गॅलन औषधापैकी २३४ गॅलन परत मिळाले. उरलेल्या सहा गॅलनांनी काय अनर्थ केला, हे मृतांच्या संख्येवरून दिसतेच. मोजक्या गॅलनांच्या पाठीमागे इतकी माणसे धावली म्हणूनच कित्येक घरांतील दिवे विझता विझता राहिले. या दुर्घटनेनंतर १९३८ साली, नवे औषध विक्रीस काढण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याचा कायदा अमेरिकेत झाला.

माल परत मागवण्याने कारखान्याचे नुकसान होते, नावाला बट्टा लागतो आणि काम थांबले तर मजुरांच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप काही व्यापारी घेतात. खोट्या अफवेवरून चांगला मालही बदनाम होऊ शकतो, हेही खरे आहे. या आक्षेपांत तथ्य नाही असे नव्हे. म्हणूनच परीक्षण विश्वासार्ह प्रयोगशाळेत व्हावे, आणि सदोष मालाचा बॅच क्रमांक स्पष्ट सांगावा, म्हणजे ओल्याबरोबर सुके जळणार नाही. पण नुकसानीच्या भीतीने मौन पाळणे हा मार्ग नव्हे. थेंबाने गेलेली अब्रू हौदाने परत येत नाही, आणि मूल तर कशानेच परत येत नाही. जो कारखानदार दोष आढळताच तो जाहीर करतो, त्याच्या पुढील शब्दावर लोक विश्वास ठेवतात. जो लपवतो, त्याच्या निर्दोष मालाकडेही संशयाने पाहिले जाते.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. अमेरिकेत १९३७ साली ज्याने बळी घेतले, त्याच डायएथिलिन ग्लायकॉलने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष पोटात जाऊन वीसहून अधिक मुले मृत्युमुखी पडली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले होते. एकच धडा पुनःपुन्हा शिकावा लागतो, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. कायदे मात्र आता आहेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने असुरक्षित अन्न परत मागवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय प्राधिकरण धोकादायक वस्तू परत घेण्याचा आदेश देऊ शकते. २०२१ च्या १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक ठरले आहे. तरीही जत्रेतल्या किंवा रस्त्याकडेच्या दुकानात चिन्ह नसलेले खेळणे हाती आले, तर कायद्याला ते कळणार कसे? ते ग्राहकाच्याच डोळ्यांना दिसले पाहिजे.

म्हणून या कामात ग्राहकाचाही वाटा आहे. वस्तूवरील चिन्ह पाहणे, पावती जपून ठेवणे, बाटलीवरील बॅच क्रमांक वाचणे आणि परत मागवलेल्या मालाची बातमी कळताच घरातील वस्तू त्या बातमीशी ताडून पाहणे, ही कामे फार कष्टाची नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सदोष ठरलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवू नये. आपल्या मुलाच्या हातून काढून घेतलेले विषारी रंगाचे खेळणे घरकामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाला देणे, हे दान नव्हे. ज्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्या घरातील मुलाचे पोटही तितकेच कोवळे असते. परत मागवण्याची हाक त्या घरापर्यंत पोहोचली, तरच ती पुरी झाली असे म्हणता येईल.

दुकानातील ती जुनी पाटी गिऱ्हाइकाच्या लहरीपासून दुकानदाराचे रक्षण करण्यासाठी लावली जाते. कारखानदाराच्या चुकीपासून मुलांचे रक्षण करण्यासाठी मात्र तिच्या उलट अर्थाची पाटी त्याच्या मनावर कोरलेली असावी लागते: ‘सदोष माल विकला गेला असेल, तर तो परत घेतलाच जाईल.’ ज्या समाजात ही दुसरी पाटी खरी ठरते, त्या समाजातील मुले निर्भयपणे खेळू शकतात.