डोकी मोजता, घाम कोण मोजणार?

गोदीत एकेक पोतं टिपलं जातं. आपल्या आयाबहिणींची मेहनत मात्र सरकारी कागदावर आली की हवा होते.

केंद्राच्या श्रमबल पाहणीत ९३ नंबरचा कोड आहे. घर सांभाळून सरपण, वैरण गोळा करणारी, घरच्यांचे कपडे शिवणारी बाई त्यात टाकतात. म्हणजे ती श्रमबलाबाहेर. डोक्यावर मोळी, कागदावर रिकामी!

त्याच पाहणीत १५ वर्षांवरच्या बायांचा टक्का २०१७-१८ साली २३.३ होता, २०२३-२४ साली ४१.७ झाला. लागले ढोल वाजायला! पण वाढल्या कोण? बऱ्याचशा स्वतःच्या बारक्या धंद्यात राबणाऱ्या, नाहीतर घरच्या शेतात, दुकानात फुकट खपणाऱ्या. या 'मदतनीस' टक्क्यात धरतात, पण त्यांच्या हातात दमडी नाही.

२०१९ ची वेळ-वापर पाहणी सांगते : घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालते, करणारा पुरुष ९७. मोर्च्यातून घरी जाणाऱ्यांनो, हा आकडा आपलाही आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. टक्का छापाल तिथंच तिचे तास छापा, मजुरी छापा. मजुरी शून्य असेल तर शून्य लिहा. पण लिहा!