सारनाथच्या अस्थी आणि शास्त्राची साक्ष

इ. स. १७९४ साली बाबू जगत्सिंग यांच्या मजुरांनी काशीजवळील सारनाथचा एक प्राचीन स्तूप विटा-दगडांसाठी खणून काढला. खणताना एक दगडी पेटी लागली. तीत संगमरवरी करंडक होता आणि करंडकात काही अस्थी, मोती व सुवर्णपत्रे होती. अस्थी गंगार्पण करण्यात आल्या. काशीचा तत्कालीन रेसिडेंट जोनाथन डंकन, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याने ही हकीकत लिहून ठेवली म्हणून ती आपणांस ठाऊक आहे. अस्थी कोणाच्या याविषयी तेव्हाच दोन मते होती. कोणी त्या सती गेलेल्या स्त्रीच्या मानीत. डंकनचा कल त्या एखाद्या बुद्धोपासकाच्या असाव्यात, या मताकडे होता.

इतिहासाची ही हानी भरून येण्याजोगी नाही. परंतु त्या अस्थी आज आपल्या हाती असत्या, तर शास्त्राने नेमके काय सांगितले असते? किरणोत्सारी कार्बनाच्या साहाय्याने मृत्यूचा काळ ठरविता येतो. पण ख्रिस्तपूर्व ८०० ते ४०० या शतकांतील अवशेष या पद्धतीने परस्परांपासून वेगळे ओळखणे फार कठीण जाते, आणि बुद्धाचे आयुष्य नेमके याच सुमारास येते. चितेच्या दाहात आनुवंशिक द्रव्य बहुधा नष्ट होते. ते उरले असे मानले, तरी ताडून पाहण्यास आप्ताचा नमुना कोठून आणावयाचा?

काशी हिंदू विश्वविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केलेले अनंत सदाशिव अळतेकर यांना वैशाली येथे १९५८ साली असाच एक करंडक मिळाला. त्यात राख, लहानसा शंख, काचेचे दोन मणी, सोन्याचा पत्रा व तांब्याचे एक नाणे होते. करंडकावर नाव नव्हते. लिच्छवींनी बुद्धाच्या अस्थींवर स्तूप उभारल्याची ग्रंथांतील कथा, चिनी यात्रेकरूचे वर्णन आणि मूळ मातीच्या स्तूपाचे प्राचीनत्व यांची सांगड घालून अळतेकरांनी तो स्तूप ओळखला. हे अनुमान सबळ आहे. तरी ते अनुमानच होय.

इंग्रजीतील ‘प्रूफ’ या शब्दाशी भाषांतरकारास नेहमी थबकावे लागते. गणितात ती सिद्धता, न्यायालयात पुरावा, दर्शनशास्त्रात प्रमाण. नैयायिकांनी आप्तवचनासही प्रमाण मानले. चार्वाकांनी प्रत्यक्षावाचून काहीच मानले नाही. उत्खननातून पुरावा मिळतो, सिद्धता नव्हे. विज्ञानाने श्रद्धा सिद्ध केली म्हणणारा आणि विज्ञानाने ती खोडून काढली म्हणणारा, दोघेही या शब्दांचा एकच घोटाळा करतात, असे माझे मत आहे.

मात्र श्रद्धा मातीविषयी विधान करू लागली, की मातीची साक्ष तिने ऐकलीच पाहिजे. काशी अनादी आहे, हे भक्ताचे वचन. त्यास कुदळ लागत नाही. पण हे नगर अमुक हजार वर्षांचे आहे असे कोणी इतिहास म्हणून सांगू लागला, तर राजघाटच्या उत्खननातील सर्वांत जुना थर सुमारे ख्रिस्तपूर्व ८०० चा ठरला आहे, याचे उत्तर त्याने द्यावयास हवे. जवळच्या आकथा येथे उत्खनकांना त्याहून जुनी वस्ती आढळली. पुराव्याचा निर्णय असा बदलू शकतो, आणि हाच त्याचा गुण आहे.

सारनाथच्या भूमीतून १९०४-०५ च्या उत्खननात अशोकाचा सिंहशीर्ष स्तंभ बाहेर आला. बुद्धाने आपला पहिला उपदेश येथेच केला, अशी श्रद्धा या स्थळी शतकानुशतके नांदत आली आहे. स्तंभावरील लेखात त्या उपदेशाचा उल्लेख नाही. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला व भिक्षुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर ठेवावे, अशी आज्ञा तेवढी त्यात कोरलेली आहे.