शॉटक्रीट मारण्याआधी

इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गाच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून जाताना आपण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या पोटातून जात असतो. तो लाव्हा कुठून कुठे वाहिला याची नोंद त्याच कातळात आहे. माझी तक्रार बोगद्याबद्दल नाही. कातळ फोडला, की त्याला काही विचारायच्या आत आपण त्यावर शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याचे काँक्रीट, फासतो, याबद्दल आहे.

बेसॉल्टमध्ये, म्हणजे या थिजलेल्या लाव्ह्यात, मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लाव्हा वाहता वाहता थिजतो तेव्हा लांबट कणांचा कल साधारणपणे प्रवाहाच्या रोखाने होतो. मग तो दगड एका दिशेने जरा जास्त चुंबकित होतो, दुसऱ्या दिशेने कमी. फरक बहुतेकदा पाच टक्क्यांच्याही आतला, पण यंत्राला तो कळतो. जॉन ग्रॅहम यांनी १९५४ मध्येच या गुणाकडे लक्ष वेधले होते. १९९२ मध्ये अर्न्स्ट आणि बॅरागर यांनी कॅनडातल्या मॅकेंझी डाइकांवर, म्हणजे भेगांत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या पट्ट्यांवर, तो वापरला. उगमाच्या आसपास शिलारस खालून वर चढला होता. सुमारे ५०० किलोमीटरपलीकडे तो जमिनीखाली आडवा धावला होता.

नमुना घेणे हे मात्र किचकट काम. हिऱ्याच्या बिटाने, पाणी सोडत, अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी कोरायची. ती मोडून काढण्याआधी चिरेतून पितळी तारेने तिच्यावर खूण ओढायची आणि तिचा कोन व दिशा टिपायची. बेसॉल्ट स्वतःच होकायंत्राच्या काट्याला भुलवतो, म्हणून काडीची सावली आणि घड्याळ यांवरून दिशा काढतात. ही खूण नसेल तर कांडी फुकट. डंपरमध्ये पडलेला धोंडा आपले रसायन सांगेल, वयही सांगेल. दिशा सांगणार नाही.

या तंत्राला नको तितके डोक्यावर घेऊ नये, हेही खरे. ते रेषा दाखवते, बाण नाही. डाइकच्या दोन्ही भिंतींलगत कण उलटसुलट कलतात, त्यावरून बाणाचे टोक ठरवता येते. नंदुरबार-धुळ्याकडचे डाइक त्यासाठी चांगले. पण घाटातला लाव्हा जिभांवर जिभा चढवत पसरला आहे आणि शेजारच्या दोन जिभांची तोंडे दोन दिशांना असू शकतात. शिवाय कण फारच बारीक असले तर उत्तर थेट उलटे येते! म्हणूनच दहावीस कांड्यांवर नकाशा रंगवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. नमुने भरपूर हवेत, आणि न गंजलेल्या, ताज्या कातळातले हवेत.

असा कातळ आज सर्वाधिक उघडा पाडतात ते रस्ते, रेल्वे आणि मेट्रोचे ठेकेदार. त्या कातळाला विचारण्यासारखा एक प्रश्नही आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचा लाव्हा पश्चिम घाटाकडून सुमारे हजार किलोमीटर वाहत गेला असावा, असे काही भूवैज्ञानिक रसायन आणि वय जुळवून म्हणतात. या टोकाला तो कुठल्या रोखाने निघाला, ते आपल्याच घाटात शोधावे लागेल.

बोगद्यात सूर्य नसतो, पण दिशा काढायला सर्व्हेअरची रेषा असते. सुरक्षेसाठी फेस मॅपिंग, म्हणजे ताज्या खोदलेल्या कातळाची नोंद, करणारा भूवैज्ञानिकही तिथे असतोच. धोक्याच्या जागी थांबा असे कुणी म्हणणार नाही. कातळ पक्का असेल तिथे शॉटक्रीटआधी ठरावीक अंतरावर दिशांकित कांड्या काढून विद्यापीठाकडे पाठवाव्यात, एवढे एक कलम निविदेत घालायला सार्वजनिक बांधकाम खात्याची हरकत काय असावी?