खुंटी कुणाच्या हाती?

"उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांना संगणकावर आवाज तयार करायला कशाला शिकवायचं?" हा प्रश्न वसई-विरारमध्ये मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकते. विचारणारे वाईट माणसं नाहीत. कुणी पालक आहेत, कुणी माझ्यासारखेच बी.एड. करून नोकरीला लागलेले शिक्षक. त्यांचं म्हणणं साधं आहे: या मुलांना टायपिंग यावं, ऑनलाइन फॉर्म भरता यावा, एखादं प्रमाणपत्र हाती पडावं, बस्स. बाकीचे चोचले इंग्रजी शाळांना परवडतात.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्या मुलांवर जन्मभर दुसऱ्याने बनवलेली बटणं दाबायची वेळ येणार आहे, त्यांनाच बटण बनतं कसं हे आधी शिकवलं पाहिजे. आणि ते शिकवायला प्युअर डेटाइतकं स्वस्त आणि उघडंवाघडं साधन मला दुसरं सापडलेलं नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिलर पकेट या अमेरिकी गणितज्ञाने १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संगीत संशोधन संस्थेत 'मॅक्स' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. पुढे १९९६च्या सुमारास त्यानेच 'प्युअर डेटा' लोकांसमोर आणलं. त्याला सगळे पीडी म्हणतात. ते मोफत आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं, इंटरनेट लागत नाही. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि तारांनी जोडायच्या. एक चौकट लहर काढते, दुसरी तिला कमीजास्त करते, तिसरी स्पीकरकडे पाठवते. या जोडणीला 'पॅच' म्हणतात. तो साठवला की साधी मजकुराची फाइल तयार होते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. काही लपवलेलं नाही.

'पॅच' हा शब्द जुन्या सिंथेसायझरच्या खऱ्या तारांवरून आला. विरारवरून जो रेल्वेमार्ग जातो त्याच मार्गावर पुढे अहमदाबाद आहे. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या मदतीने मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. गीता साराभाईंसारख्या मोजक्या मंडळींनी त्यावर काम केलं, आणि काही वर्षांतच ते थांबलंही. तेव्हा ते यंत्र एका नामांकित संस्थेच्या एका खोलीत होतं, तिथवर पोहोचणारे हात थोडे होते. आज त्याच जातीचं काम नालासोपाऱ्याच्या एखाद्या खोलीतल्या जुन्या लॅपटॉपवर होतं. मग आता अडवतंय कोण? यंत्र तर नाहीच. अडवतो तो आपला समज, की हे 'आपल्या' मुलांचं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सिंथेसायझर बनवणं म्हणजे फक्त आवाज काढणं नव्हे. तो आवाज वाजवणाऱ्याच्या हातात कोणत्या दांड्यांनी द्यायचा हे ठरवणंही त्यातच येतं. पडद्यावरच्या या दांड्यांना स्लायडर म्हणतात. खरी तालीम इथे आहे.

वसईचं उदाहरण घ्या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यांतलीच, भीमाशंकरची दुसरी. घंटा ओतणाऱ्याने तिचा आवाज धातूत कायमचा ठरवून टाकलेला असतो. वाजवणाऱ्याच्या हातात उरतं फक्त एक: टोला किती जोराचा.

पीडीसोबत जे नमुन्याचे पॅच येतात त्यांत एक घंटा आहे. फ्रेंच संगीतकार झाँ-क्लोद रिसे यांनी १९६०च्या दशकात संगणकावर घडवलेल्या घंटेवर ती आधारलेली आहे. तिच्यात ११ सूर एकदम सुरू होतात. प्रत्येकाला चार आकडे: किती मोठा, किती वेळ, किती उंच, आणि किती हर्ट्झ सरकवलेला. म्हणजे ४४ आकडे. सगळ्यात खालचे दोन सूर जवळजवळ एकाच जागी आहेत, दोघांत फक्त १ हर्ट्झचं अंतर, म्हणून नाद हेलकावत राहतो. सगळ्यात वरचा सूर खालच्याच्या तुलनेत जेमतेम साडेसात टक्के वेळ टिकतो, म्हणून टोला धारदार लागतो आणि पुढे आवाज मऊ होत जातो.

आता सांगा, या घंटेला किती स्लायडर द्यायचे? हौशी माणूस ४४ देईल आणि पडदा विमानाच्या कॉकपिटसारखा दिसायला लागला की खूश होईल. त्या पसाऱ्यात वाजवणारा हरवतो. मूळ पॅचमध्ये मुख्य दांड्या दोनच आहेत: पट्टी आणि कालावधी. बाकीचे आकडे आत आहेत. पण आत म्हणजे कुलपात नाहीत. चौकट उघडा, बदला, घंटेची थाळी करा, थाळीची घागर करा. बंद ॲप आणि पीडी यांच्यातला फरक हाच. दोन्हीकडे समोर दोनच बटणं असतील. पण एकीकडे ती दोनच का, हे विचारायची सोय नाही, दुसरीकडे आहे.

शाळा सुटल्यावर जी मोजकी मुलं माझ्याकडे थांबतात, त्यांना मी स्लायडरविषयी चार गोष्टी सांगते.

पहिली, टप्पा. पीडीचा स्लायडर मुळात ० ते १२७ असा असतो, मिडीच्या हिशोबाने. १९८३ सालापासून कीबोर्ड आणि संगणक ज्या बोलीत एकमेकांशी बोलतात ती मिडी, आणि तिच्यात साध्या नियंत्रणाला १२८ पायऱ्या आहेत. १०० ते ५००० हर्ट्झ एवढा पल्ला या १२८ पायऱ्यांत सारखा वाटला, तर प्रत्येक पायरी साडेअडतीस हर्ट्झच्या आसपास पडते. खाली पहिल्याच पायरीला सूर षड्जावरून उडी मारून शुद्ध मध्यमाच्याही पुढे जातो. वर शेवटच्या पायरीला बदल जेमतेम कळतो. कारण कान अंकगणिती श्रेढीने ऐकत नाही, गुणोत्तराने ऐकतो.

दुसरी, गुळगुळीतपणा. आवाजाची पातळी एका झटक्यात बदलली की स्पीकरमधून 'टक्' येतो. म्हणून 'लाइन' नावाची चौकट मध्ये घालायची आणि नव्या आकड्यापर्यंत २०-३० मिलिसेकंदांत चालत जायला सांगायचं.

तिसरी, नाव. स्लायडरला दिलेल्या नावात रिकामी जागा सोडू नये. आणि एकाच पॅचच्या दोन प्रती उघडल्या तर एकसारख्या नावाच्या दांड्या दोन्हीकडे एकदम हलतात. माझ्याकडच्या दोन मुलींनी दोन घंटा उघडल्या, एकीने पट्टी वाढवली आणि दुसरीची घंटाही चढली. दोघी आधी हसल्या, मग भांडल्या, मग कारण शोधायला बसल्या. उपाय म्हणजे नावाआधी 'डॉलर-शून्य' लावणं, म्हणजे ते नाव त्या प्रतीपुरतंच राहतं.

चौथी, सुरुवात. पॅच पुन्हा उघडल्यावर स्लायडर कुठे असावा हे तुम्ही ठरवलं नाही, तर तो कालची जागा विसरतो. आणि आवाजाची दांडी नेहमी खालीच उघडावी. हेडफोन लावलेले कान मुलांचे असतात.

"आधी दहावीचं गणित तर सुटू दे," असं मला सुनावणाऱ्यांनी वरच्या चार गोष्टी पुन्हा वाचाव्यात. नववीत गुणोत्तर व प्रमाण आहे, दहावीत अंकगणिती श्रेढी आहे. जी मुलगी फळ्यावर श्रेढीचं सूत्र घोकते तिला ती कशासाठी हे ठाऊक नसतं. स्लायडर ओढल्यावर तिला श्रेढी कानाने कळते, आणि ती कुठे अपुरी पडते तेही कळतं. हे गणितापासून पळणं आहे का? मला तर यात गणित पहिल्यांदा अंगाला लागताना दिसतं.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. "मोबाइलवर तयार कीबोर्ड फुकट मिळतो, मग हा व्याप कशाला?" याचं उत्तर आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. हार्मोनियम युरोपातून आला, बारा ठरलेल्या सुरांसकट. दोन पट्ट्यांच्या मधली जागा त्याच्यात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशोब मांडायला घेतला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ, जे पुढे मिरजेचे झाले, त्यांनी आपला गळा या प्रयोगांसाठी दिला. अर्नेस्ट क्लेमेंट्स हा इंग्रज अधिकारीही त्यात होता. त्यातून श्रुती हार्मोनियम तयार झाला. तो घरोघरी गेला नाही, त्यावर वादही झाले. पण त्या माणसांची रीत पाहा: पेटी आपल्या कानाला पुरत नाही, तर पेटी बदलून पाहू. त्यानंतर १९४० साली आकाशवाणीने काय केलं? हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. देवल आणि खाँसाहेबांनी पेटी उघडून पाहिली, सरकारने ती दाराबाहेर ठेवली. मला पहिला रस्ता आपला वाटतो.

हा फरक पीडीत कुणालाही पाच मिनिटांत ऐकवता येतो. षड्ज २४० हर्ट्झवर ठेवा. तंबोऱ्याच्या षड्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो पाचास चार या गुणोत्तराने ३०० हर्ट्झवर येतो. तयार कीबोर्डचा गंधार ३०२.४ हर्ट्झच्या जवळ असतो. षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर एकमेकांवर घासले जातात आणि सेकंदाला साडेनऊच्या आसपास थरथर होते. मुलांना सांगावं लागत नाही, ती स्वतःच म्हणतात, "हा हलतोय." पीडीत सुराचा आकडा ६४ऐवजी ६३.८६ देता येतो, पट्ट्यांच्या मधली जागा मोकळी आहे. तयार ॲपवाल्याने तुम्हाला ती जागा आहे हेच सांगितलेलं नसतं.

कुणी म्हणेल, तयार यंत्रावरही मोठं काम होतं. होतं ना. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेली तबकडी काढली. त्यातलं रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र खरं तर बास गिटारवाल्याची जागा भरायला बनवलेलं होतं. सुरावरून सुरावर घसरण्याची त्याची सोय सिंग यांनी मींडेच्या कामी लावली. पण चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवून तयार झालेला तो कान होता, आणि त्या यंत्राची बटणं पिळायला हातात होती. आजच्या फुकट ॲपमध्ये ती बटणंही काढून घेतलेली असतात आणि वर सांगितलं जातं की सोपं केलं.

आणि ज्या घरांत गाणंबजावणं नको असतं, त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. त्यांची मुलं रिक्षाचा हॉर्न बनवतात, लोकलचा भोंगा बनवतात, पावसाचा पत्र्यावरचा आवाज बनवतात. ध्वनी हे शास्त्र आहे आणि हुनरही आहे. विरारहून रोज सकाळी लोकलला लटकून मुंबईला जाणाऱ्यांत स्टुडिओत केबल उचलणारी पोरं असतात. ध्वनीच्या टेबलावर बसणारं आपलं पोर मात्र क्वचित दिसतं. केबल आणि टेबल यांच्यातलं अंतर फक्त इंग्रजीचं आहे असं मला कुणी सांगू नये. ते आतली चौकट उघडून पाहिल्या-न पाहिल्याचं अंतर आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक शाळेत एक जुना लॅपटॉप आणि एक स्पीकर वेगळा काढा. आठवड्यातून एक तास द्या. समजावणं उर्दूत आणि मराठीत होऊ द्या. 'फ्रिक्वेन्सी'ला वारंवारता म्हणा, तवातुर म्हणा, पट्टी म्हणा, मुलांना कळेल ते म्हणा. पहिल्या दिवशी घंटेचा पॅच उघडा आणि मुलांना एकच प्रश्न विचारा: या ४४ आकड्यांतले कोणते दोन तुम्ही वाजवणाऱ्याच्या हातात द्याल, आणि का? उत्तर कुठल्याही गाइडमध्ये छापलेलं नाही, त्यामुळे कॉपी करता येणार नाही. ज्यांना हे अनाठायी वाटतं त्यांनी तो तास एकदा मागच्या बाकावर बसून पाहावा, आणि मग माझ्याशी भांडायला यावं.