मूल कोठें निजतें?

शाळेचा निकाल आपण विचारतों. मूल रात्रीं कोठें निजतें, हें विचारीत नाहीं. कुरखेड्यासारख्या वनप्रदेशांतील वसतिगृहांत हाच प्रश्न जीवनमरणाचा आहे. मण्यार रात्रीं फिरते व जमिनीवर निजलेल्यास डसते. वेदना अल्प, म्हणून ‘पोट दुखतें’ एवढें सांगून मूल पुन्हा झोपतें. पुढें पापण्या मिटूं लागतात, श्वास कोंडतो. मांत्रिकाकडे दवडलेली घटका परत येत नाहीं. रुग्णालयांतील प्रतिविष हाच उपाय. खाट व गादीखालीं नीट खोचलेली मच्छरदाणी सर्प आणि हिंवताप दोहोंपासून रक्षण करते. गुरुकुलांत अध्यापन व रक्षण हें एकच व्रत होतें. आम्हां शिक्षकांनीं अध्यापन तेवढें ठेविलें. वाचकहो, प्रगतिपुस्तकापूर्वीं मुलाचें अंथरूण पाहून या.